इचलकरंजीची मीरा आणि शिकागोचा टकर

शिवडी, 1928

हार्बर लाइनने शिवडी स्टेशनात उतरा आणि बंदराच्या बाजूला चालू लागा. खारट वारा आणि चिखलाची दलदल ओळखीची वाटेल, पण आज तुम्ही आलात ते एका शेडमध्ये शिरायला. जनरल मोटर्सने याच वर्षी इथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आहे. हिंदुस्थानातला हा पहिलाच.

दाराशी भलीमोठी लाकडी खोकी रचलेली आहेत. पहारीने फळ्या उचकटल्या की ग्रीस थापलेले सुटे भाग बाहेर येतात: चासी, ॲक्सल, मडगार्ड, रेडिएटर. नटबोल्ट आवळत आवळत शेवरोले उभी राहते आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या चाकांवर चालू लागते. पाना धरणारे हात मुंबईचे आहेत, पण या गाडीतला महत्त्वाचा एकही भाग इथे ओतलेला किंवा घडवलेला नाही. हे ध्यानात असू द्या. पंचवीस वर्षांनी याच मुद्द्यावर हा कारखाना बंद होणार आहे.

आता फोर्टात या आणि गाड्यांच्या नाकावरची नावं वाचत चला. फोर्ड, शेवरोले तुम्हाला माहीत आहेत. पण ही ओव्हरलँड, ही एसेक्स, ही हुपमोबिल? अमेरिकेतल्या डेट्रॉइट, क्लीव्हलँड, टोलेडो अशा शहरांत मोटारीच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. ड्यूरिया बंधूंनी 1896 मध्ये एकाच आराखड्यावर 13 गाड्या बांधल्या, तेव्हापासून सायकलवाले, बग्गीवाले, शिवणयंत्रवाले असे शेकडो लोक या धंद्यात उतरले. बरेचसे दोन-चार वर्षांत संपले. उरल्यासुरल्यांवर 1929 च्या मंदीची कुऱ्हाड पडली. पीयरलेस, मार्मन, ऑबर्न, कॉर्ड, ड्यूसेनबर्ग ही मानाची नावं एकामागून एक मिटली. पीयरलेसच्या क्लीव्हलँडमधल्या कारखान्यात पुढे बिअर बनू लागली.

कंपनी बुडाली, पण तिची गाडी मुंबईत धावतेच आहे. तिचा पार्ट आता आगबोटीने येणार नाही. मग ऑपेरा हाउसच्या आसपास कुणीतरी मिस्त्री झिजलेला बुश हातात घेतो, मापं काढतो आणि लेथवर नवा कातून देतो. मोटारीच्या धंद्यात आपण घेतलेला हा पहिला धडा.

कुर्ला, 1947

एकोणीस वर्षं पुढे या. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद इथे येण्याआधी एका मोठ्या लढाईतून गेले आहेत. मोटारी देशातच बनाव्यात म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तिसाच्या दशकात योजना मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. फोर्ड आणि क्रायस्लरशी बोलणी झाली. मुंबईचं खेर मंत्रिमंडळ पाठीशी होतं, पण दिल्लीतल्या इंग्रज सरकारने दाद दिली नाही. शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि आज कुर्ल्याच्या दारातून गाड्या बाहेर पडताहेत.

पुढे उभं राहून नीट बघा. डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या तिघी बहिणीच आहेत. आतलं यंत्र बहुतेक एकच, फरक जाळीत आणि नावाच्या पट्टीत. पण 1953 मध्ये टॅरिफ कमिशन सांगेल की जो टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवेल त्यालाच हा धंदा करता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड तेव्हा गाशा गुंडाळतील. प्रीमियर तग धरेल, फियाटचा हात धरेल आणि तिची गाडी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने मुंबईची टॅक्सी होईल. वालचंद त्याच वर्षी, 1953 मध्ये, गेलेले असतील. आणि तुमच्यासमोरच्या या डिसोटोचं नाव क्रायस्लर 1960 च्या अखेरीस अमेरिकेतही कायमचं पुसून टाकेल.

शिकागो, 1948

एक फेरी समुद्रापलीकडे मारून येऊ. महायुद्धात बी-29 विमानांची इंजिनं जिथे बनली, त्या अवाढव्य कारखान्यात प्रेस्टन टकर नावाचा माणूस गाडी बनवतो आहे. पुढून पाहिलंत तर तीन दिवे दिसतील. मधला दिवा चाकांबरोबर वळतो, म्हणजे वळणावरचा रस्ता आधी उजळतो. इंजिन मागे आहे, हेलिकॉप्टरचं इंजिन पाण्याने थंड होईल असं बदलून बसवलेलं. समोरच्या फळीला गादी लावली आहे आणि जोराचा धक्का बसला तर काच चौकटीतून बाहेर निसटते. प्रवासी जगावा म्हणून इतका विचार तेव्हा फार थोडे करत होते.

गाडी रस्त्यावर येण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा केल्याबद्दल चौकशी लागली, फसवणुकीचा खटला उभा राहिला. जानेवारी 1950 मध्ये ज्यूरीने टकरला निर्दोष सोडलं. पण कारखाना तोवर बंद झाला होता. पहिला नमुना धरून 51 गाड्या, एवढाच त्याचा संसार.

अमेरिकेतलंच आणखी एक उदाहरण. सिनसिनाटीचे पॉवेल क्रॉस्ली रेडिओ आणि फ्रिज विकून श्रीमंत झालेले. त्यांनी 1939 मध्ये छोटी, स्वस्त, कमी पेट्रोल पिणारी गाडी काढली. युद्धानंतर गाड्यांचा तुटवडा होता तोवर ती खपली. मग मोठ्या कंपन्यांच्या लांबलचक गाड्या मुबलक मिळू लागल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. 1952 मध्ये क्रॉस्ली बंद.

इचलकरंजी, 1970 च्या सुमारास

आता आपल्या मातीत परत या. पंचगंगेच्या काठचं गाव. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इथे पहिला यंत्रमाग आणला, त्याची खडखड आज गल्लोगल्ली ऐकू येते. माग मोडला की तो इथेच दुरुस्त होतो. जवळच कोल्हापुरात फौंड्र्या आहेत, ऑइल इंजिनं बनवणारे मिस्त्री आहेत. लोखंडाला न भिणारी माणसं या मुलखात पिढ्यांपासून आहेत.

त्यांच्यातलेच एक शंकरराव कुलकर्णी. इंजिनिअरिंगची पदवी नाही, शाळाही थोडीच झालेली. चाळिसाच्या दशकापासून त्यांनी एकच ध्यास घेतला आहे: मध्यमवर्गीय माणसाला परवडेल अशी छोटी गाडी, आपल्या डोक्याने आणि आपल्या हाताने. एक नमुना बांधायचा, चालवायचा, मोडायचा, पुन्हा बांधायचा. त्या गाडीचं नाव मीरा.

बुटकी, आटोपशीर गाडी. आत बसा. “टेका की पाठ, पावनं!” म्हणत एक पोरगा दार लावतो. पुढे इंजिनाची घरघर नाही, कारण इंजिन तुमच्या पाठीमागे आहे, टकरच्या गाडीसारखंच. पण गंमत खाली आहे. वाकून पाहा, लोखंडी पाटे नाहीत. पाट्याला शॅकल लागतात, बुश लागतात, ग्रीस लागतं; खडीच्या रस्त्यावर पान मोडलं की गाडी वाटेत उभी. शंकररावांनी त्या जागी रबर घातलं आहे. खड्ड्यात चाक वर आलं की रबर दबतं, धक्का पोटात घेतं आणि परत जागेवर येतं. किती तरी भाग वाचले, वजन वाचलं, दुरुस्ती वाचली. खेड्यातल्या रस्त्याचा आणि खेड्यातल्या खिशाचा विचार एकदम करणारा हा माणूस आहे. लिटरला वीसेक किलोमीटर जाणारी ही गाडी बारा हजार रुपयांत द्यायची, हा त्यांचा हिशेब.

गिऱ्हाईक नव्हतं असं म्हणू नका. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत होते. क्रॉस्लीला जे मिळालं नाही ते इथे दारात उभं होतं. नव्हता तो परवाना. 1951 च्या उद्योग कायद्याने सरकारी मंजुरीशिवाय कारखाना काढता येत नव्हता आणि छोट्या गाडीचा प्रश्न 1959 पासून दिल्लीत समित्यांच्या फायलींतून फिरत होता. 1970 मध्ये वर्षाला 50,000 छोट्या गाड्या बनवण्याचं इरादापत्र, म्हणजे परवान्याची पहिली पायरी, संजय गांधींना मिळालं. त्यांची मारुती मोटर्स गाडी बाजारात न आणताच सत्तरचं दशक संपण्याआधी गुंडाळली गेली. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी 1981 मध्ये नव्याने स्थापन झाली, सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 मालकाच्या हाती पडली. मीरा मात्र नमुन्याच्या पुढे गेली नाही.

चार मुक्काम पाहून झाले. पीयरलेस मंदीने मेली, टकर खटल्याने, क्रॉस्ली बाजाराने, मीरा परवान्याअभावी. चौघींची शेवटची ओळ सारखी दिसते, ‘कंपनी बंद पडली’, म्हणून आपण त्यांना एकाच ढिगात टाकतो. हा अन्याय आहे. चांगली गाडी बनवणं ही एक विद्या आहे. तिच्यामागे भांडवल, पोलाद, विक्रेते आणि सरकार उभं करणं ही दुसरी. पहिली विद्या असलेला माणूस दुसरीपायी हरला, तर त्याची पहिली खोटी ठरत नाही. वळणाचा रस्ता उजळणारे दिवे आज कित्येक गाड्यांत आहेत. आणि मध्यमवर्गाची छोटी गाडी या देशाला हवीच होती, हे मारुती 800 च्या रांगांनी सिद्ध केलं. शंकरराव तेच कित्येक वर्षं आधी सांगत होते.

आज पुण्यात, चाकणला, कोल्हापुरात कुणी तरुण विजेची गाडी बांधतो आणि दोन वर्षांत शटर ओढतो, तेव्हा लोक म्हणतात, जमलं नाही त्याला. तसं म्हणण्याआधी एवढं विचारा: गाडी चालत होती का? आणि चालत असेल, तर ती कुणी थांबवली? ज्या समाजाला हे प्रश्न पडतात, तिथल्या पुढच्या शंकररावाला नमुन्याच्या पलीकडे जाता येईल.