दोन पावसाळ्यांचे आयुष्य

मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. १६६१ च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि तिच्याबरोबर हे बेटही गेले. परंतु बेट कागदावर घेण्यास एक सही पुरते. त्यावर पाय ठेवला म्हणजे तेथे जगावे लागते. तेव्हा आज मी तहाची कलमे सांगणार नाही. थंड मुलखातून आलेली ही माणसे आपल्या उष्ण व दमट किनाऱ्यावर कशी मेली आणि कशी हळूहळू जगावयास शिकली, एवढाच विषय आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

बेट ताब्यात घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन हा सुमारे चारशे शिपायांसह १६६२ च्या सप्टेंबरात मुंबईसमोर येऊन पोचला. पोर्तुगीज व्हाइसरॉयने हरकती काढल्या आणि ताबा देण्याचे नाकारले. मग या पलटणीने जावे कोठे? गोव्याच्या दक्षिणेस, कारवारजवळ, अंजदीव नावाचे लहानसे बेट आहे. तेथे ती उतरली. तेथे तिच्याशी लढावयास कोणी आले नाही, तोफ डागली गेली नाही. तरीही ताप, अतिसार आणि अन्नपाण्याची आबाळ यांनी ती पलटण संपत आली. खुद्द शिपमन १६६४ च्या एप्रिलात तेथेच वारला. १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुक याने अखेर मुंबईचा ताबा घेतला तेव्हा त्याच्याबरोबर शंभराच्या आसपासच माणसे उरली होती. चारशेंतील तीनशे माणसे शत्रूचे तोंडही न पाहता गेली. मुंबईच्या इंग्रजी इतिहासाचे पहिले पान हे असे आहे.

१६६८ साली राजाने हे बेट वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकले. राजाला ते नकोसे का झाले असेल, हे आता निराळे सांगावयास नको. १६६९ ते १६७७ या काळात जेराल्ड ऑन्जियर हा कंपनीचा सुरतेचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर होता. त्याने न्यायालय उभारले, व्यापाऱ्यांना अभय देऊन बोलाविले, बेटाला नगराचे रूप देण्याची खटपट केली. तो गृहस्थही मायदेशी परतला नाही. सुरतेसच त्याचा देह पडला. त्याच सुमारास जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर मुंबईत आला होता. आलेल्या इंग्रजांतील किती थोडे जगतात आणि जगलेल्यांतील किती थोडे आपला देश पुन्हा पाहतात, याचा मोठा उदास हिशेब त्याने लिहून ठेवला आहे. १६८९ साली इंग्लंडहून निघालेला जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री सांगतो, की त्याच्या गलबतातून आलेल्या चोवीस उतारूंपैकी वीस जण पावसाळा सरण्याआधीच पुरले गेले. माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच तेव्हा मुंबईच्या इंग्रजांत पडली होती.

आता विचारावयाचे ते हे, की याच बेटावर कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू पिढ्यानुपिढ्या नांदत होते. पाणी तेच, वारा तोच. मग एक जगतो आणि दुसरा मरतो, याचे कारण काय?

फ्रायर हा चिकित्सक होता, म्हणून त्याच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. येथले लोक आणि येथे मुरलेले पोर्तुगीज चांगले म्हातारे होतात, आणि त्याचे श्रेय लोक त्यांच्या मिताहाराला व मद्यापासून दूर राहण्याला देतात, असे तो नोंदवितो. इंग्रज मात्र आपला देश बरोबर घेऊनच आला होता. अंगात जाड बनात, ताटात भरपूर मांस, आणि संध्याकाळी पंच. या पेयाचे नावच मुळी आपल्या ‘पाच’ या शब्दावरून पडले, असे फ्रायरच सांगतो. अरक, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी अशा पाच जिनसांचे ते मिश्रण. किनाऱ्यावरील माडाची दारू त्याने तत्काळ उचलली. त्याच किनाऱ्यावरची पेज, ताक आणि सैल सुती वस्त्र मात्र त्याला कमीपणाचे वाटले. परक्या मुलखातून काय घ्यावे याची निवड माणूस पुष्कळदा अशीच करतो.

दमट हवेची अडचण काय असते तेही पाहिले पाहिजे. घाम सुकला तर अंग निवते. कोकणात मे महिन्यात घाम येतो खरा, पण हवाच ओली असल्यामुळे तो सुकत नाही, नुसता निथळतो. देशावरचा मनुष्य चिपळुणास किंवा रत्नागिरीस उतरला, की पहिल्या दिवसापासून याच कारणाने कुरकुरू लागतो. शरीराला मात्र ही विद्या लौकर येते. आठवडा-पंधरवड्यात घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, आणि हृदयावरचा ताण हलका होतो. आजचे शरीरशास्त्र हे खात्रीने सांगते. तेव्हा उष्म्याची सवय होण्यास पंधरवडा पुरे. इंग्रजांच्या चालीरीतींना त्यासाठी शंभर वर्षे लागली.

किनाऱ्याच्या माणसाचे शहाणपण त्याच्या घरात आणि दिनक्रमात असते. उतरत्या छपराचे घर, पुढे पडवी, भिंतीवर ऊन आणि पाऊस पडू नये म्हणून लांब आलेल्या वळचणी, शेणाने सारवलेली गार जमीन. पहाटे कामाला लागावयाचे, भर दुपारी सावली धरावयाची. पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा, तांदूळ, सुकी मासळी, आमसुले घरात भरून ठेवावयाची, होड्या ओढून शाकारावयाच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावावयाचा नाही. यातले काहीही कोणा एका पंडिताने शोधून काढलेले नाही. चुकत, मरत, सावरत शेकडो वर्षांत ते ठरत गेले आहे.

परंतु येथे आपणही आपल्या पूर्वजांचे फाजील कौतुक करता कामा नये. हिवतापाच्या मुलखात जी मोठी माणसे धडधाकट दिसतात, ती लहानपणीचे ताप सोसून उरलेली असतात. वारंवार ताप येऊन त्यांच्या शरीरात थोडीफार प्रतिकारशक्ती मुरते. जी पोरे उरली नाहीत ती फ्रायरच्या हिशेबात आली नाहीत, आणि आपल्याही बखरीत आली नाहीत. मिताहार चांगलाच, पण मिताहाराने डास चावावयाचा राहत नाही. परक्याने दोन पावसाळ्यांत जी किंमत दिली, ती येथल्या आयांनी पाळण्याजवळ बसून दिली होती.

कंपनीचे अधिकारी सगळा दोष हवेला देत. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालण्याची येथे जुनी चाल होती. त्या दुर्गंधीनेच रोग होतो असे ठरवून खताला बंदी करणारे हुकूम निघाले, आणि पुढे ते सैलही झाले. ज्यांचे पोट माडावर, त्यांचे त्यात नुकसान झाले आणि इंग्रजांचा ताप काही हटला नाही. बेटांमधील खिंडींतून भरतीचे पाणी आत शिरे आणि मधली सगळी जमीन चिखलदलदल होई. हेही दुखणे त्यांनी ओळखले होते. पण वरळीचा तो मोठा बांध पुरा होण्यास अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

हळूहळू मात्र साहेब शिकला, हे कबूल केले पाहिजे. सुरतेच्या वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तिन्ही तऱ्हेचे आचारी होते. पुलाव आणि खिचडी तेथेच त्याच्या तोंडी लागली. पायजमा त्याने घरात आणि निजावयास घेतला. रोज अंगावर पाणी घेण्याची सवय त्याला या देशाने लावली. काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसविण्याची पोर्तुगीजांची युक्ती मुंबईत चालू राहिली. त्यातून उजेड येई आणि ऊन अडे. बंगाली घरावरून त्याने ‘बंगला’ उचलला आणि त्याला रुंद व्हरांडा दिला. मृतांच्या बाबतीत तर तो फार लौकर येथला झाला होता. सुरतेस ऑक्झेंडनसारख्या इंग्रजांची जी भव्य थडगी आहेत त्यांवर मुसलमानी धर्तीचे घुमट आहेत. राहावयाच्या घराआधी निजावयाच्या घराने देश पत्करला, असेच म्हणावयाचे!

एकोणिसाव्या शतकात राज्य स्थिरावले आणि ही शिकण्याची वृत्ती पुन्हा मंदावली. किनारा सोसवत नसेल तर किनारा सोडावयाचा, हा मार्ग सापडला होता. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या वेळी महाबळेश्वर वसले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानला चढला. उन्हाळ्यात गव्हर्नरचे सरकार महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास जाऊ लागले. ज्यांना घाट चढून जाता येत होते ते गेले. ज्यांना येत नव्हते ते गिरणीत आणि चाळीत राहिले.

या दोन मार्गांची साक्ष देणारी एक वास्तू मुंबईत परळला आहे. मूळची ती पोर्तुगीज पाद्र्यांची जागा; पुढे ती गव्हर्नरचा वाडा झाली. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथे पटकीने वारल्या. अंजदीवच्या शिपायांनंतर दोन शतके लोटली होती, आणि वाडा कितीही मोठा असला तरी रोगाने दार ओळखले होते. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंट गाठला. त्याच सोडलेल्या वाड्यात १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. जेथून अधिकारी निघून गेले तेथे शोध येऊन बसला.

तो शोधच अखेर उपयोगी पडला. १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि दोषी ‘हवा’ निर्दोष सुटली. पुढे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले, की मुंबईचा हिवताप वाढविणारे डास शहरातील विहिरींच्या स्वच्छ पाण्यात वाढतात. म्हणजे दलदल बुजविली तरी शत्रू अंगणातच होता. ही गोष्ट ना साहेबाच्या दिमाखाने कळली असती, ना आपल्या जुन्या रूढीने. तिच्यासाठी विहिरीत वाकून पाहावे लागले.

श्रोतेहो, उष्ण किनाऱ्यावर राहावयास जाणारी माणसे आजही थोडी नाहीत. देशावरून, उत्तरेकडून, वऱ्हाडातून रोज मुंबईत माणसे उतरतात. नवी घरे मात्र पडवी टाकून, वळचण टाकून, चारी बाजूंनी काचा लावून उभी राहतात आणि मग यंत्राने गार करावी लागतात. ज्याला ते यंत्र परवडते त्याचे महाबळेश्वर त्याच्या खोलीत आले. ज्याला परवडत नाही तो पत्र्याखाली घामाने निथळत बसतो. अंजदीवच्या शिपायांनी आपला देश अंगावर घातला होता. आपण तो घरावर चढवीत आहोत. नव्या किनाऱ्यावर उतरणाऱ्याने शेजारच्या म्हाताऱ्या कोळिणीला आधी विचारावे, आणि तिलाही जे ठाऊक नसेल ते शोधावे. यांपैकी एकच गोष्ट करून भागत नाही, एवढे शहाणपण त्या तीनशे अनाम शिपायांच्या मरणातून आपण घेतले तरी पुष्कळ झाले.