जुने मॉर्टायझिंग यंत्र घेताना...

लाकडी चौकट असो, दार असो वा टेबल. त्याचे आयुष्य लाकडाइतकेच सांध्यावर अवलंबून असते. एका लाकडाच्या टोकाला कोरलेले कुसू दुसऱ्या लाकडातील चौकोनी खाचेत घट्ट बसविणे, हा सुतारकामातील सर्वांत विश्वासार्ह सांधा होय. जर्मनीतील लायप्झिगच्या परिसरात सापडलेल्या नवाश्मयुगीन विहिरींच्या ओक लाकडाच्या बांधणीतही असे सांधे आढळले असून, त्यांचे वय सात हजार वर्षांहून अधिक आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांचे सागवानी खांब आणि तुळयाही याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

हाताने खाच पाडायची तर गिरमिटाने भोके घेऊन पटाशी व मोगरीने ती चौकोनी करावी लागतात. दोन उभ्या आणि तीन आडव्या पट्ट्यांच्या एका पॅनेलच्या दारात असे किमान सहा सांधे येतात. महिन्याला दहा दारे करणाऱ्या कारागिराला साठ खाचा पाडाव्या लागतात. हा वेळ वाचविणारे यंत्र म्हणजे बाकावर ठेवता येणारा मॉर्टायझर. नवे यंत्र परवडत नाही म्हणून अनेकांचा कल जुन्याकडे असतो. मात्र वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावात काम करणाऱ्या सुताराने जुने यंत्र घेतले आणि ते बिघडले, तर सुट्या भागांसाठी वाशिम वा अकोला गाठावे लागते आणि तेवढे दिवस काम अडते. त्यामुळे येथे खरेदीपूर्वीची पारख शहरातल्यापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

यंत्राची रचना

खाचा पाडणाऱ्या यंत्रांचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत जहाजांच्या कप्प्या बनविण्यासाठी मार्क ब्रुनेल यांच्या कल्पनेनुसार हेन्री मॉडस्ले यांनी जी यंत्रमालिका घडविली, तिच्यात खाचा पाडणारे यंत्रही होते.

आजच्या छोट्या यंत्रात चौकोनी पोकळ पटाशी असते आणि तिच्या पोटात गिरमिटासारखे पाते फिरते. पाते गोल भोक पाडते आणि त्याच वेळी दांड्याच्या दाबाने खाली उतरणारी पटाशी त्याचे चार कोपरे छाटते. भुसा पटाशीच्या एका बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतो. मोटार बहुधा अर्ध्या अश्वशक्तीची आणि सिंगल फेजवर चालणारी असते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

रंग उडालेला असणे हा दोष नव्हे. ढिलेपणा हा दोष होय. दांडा अर्ध्यावर आणून यंत्राचे डोके दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवून पाहावे. सरकपट्टीचे स्क्रू आवळूनही ते डगमगत असेल, तर सरकपट्टी झिजलेली आहे, असे समजावे. दांडा पूर्ण फिरवून दातेरी पट्टीचे दात कोठे तुटलेले नाहीत, याची खात्री करावी.

दुसरी गोष्ट दाबपट्टी. पटाशी वर ओढताना लाकूडही तिच्याबरोबर उचलले जाते. ते खाली धरून ठेवणारी पट्टी वाकलेली वा सैल असेल, तर यंत्राचा उपयोग निम्मा होतो. गुण्या लावून मागील आधारपट्टी पाटाशी काटकोनात आहे की नाही, हेही तपासावे.

मोटार दहा-पंधरा मिनिटे चालवून तिची घरघर आणि उष्णता पाहावी. परदेशातून आलेल्या यंत्रावरील पाटी अवश्य वाचावी. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचे असल्यास त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो आणि आपल्या ५० हर्ट्झवर त्याची गती सुमारे एकषष्ठांशाने घटते. पटाशीच्या दांड्याचा व्यासही मोजून घ्यावा. ५/८ इंच आणि ३/४ इंच हे दोन्ही व्यास प्रचलित असल्याने न जुळणाऱ्या पटाशीसाठी वेगळा बुश लागतो. यंत्राची किंमत ठरविताना बुश, पटाश्या आणि दुरुस्ती यांचा खर्च त्यात मिळवूनच नव्या यंत्राशी तुलना करावी.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. साधनसंचासाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साह्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख, तर दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. जुन्या यंत्रावर सगळी शिल्लक घालण्यापूर्वी हा पर्यायही तपासून पाहणे हिताचे.

जोडणी आणि वापर

पाते पटाशीच्या टोकाच्या किंचित पुढे असणे आवश्यक असते. ते चिकटून फिरले, तर घर्षणाने दोन्ही तापतात, धूर निघतो आणि पोलादाचे पाणी उतरते. यासाठी पटाशी बसविताना तिच्या खांद्यावर सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे नाणे ठेवावे. पाते पटाशीला टेकेपर्यंत वर सारून आवळावे. मग नाणे काढून पटाशी वर सरकवून घट्ट करावी. नाण्याच्या जाडीएवढे अंतर आपोआप मिळते. पाते बदलताना वीजजोड काढलेला असावा.

खाचेची रुंदी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एकतृतीयांश आणि खोली कुसवापेक्षा दोन-तीन मिलिमीटर अधिक ठेवावी. प्रथम दोन्ही टोके, नंतर मध्ये अंतर सोडून भोके आणि शेवटी उरलेला भाग, असा क्रम राखावा. सलग पुढे सरकत गेल्यास पटाशीच्या एका बाजूला लाकूड राहत नाही; ती त्या पोकळीकडे वाकते आणि तुटू शकते. बाभळीसारख्या कठीण लाकडात टप्प्याटप्प्याने उतरून भुसा मोकळा करावा. सागात सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते. पटाशीची आतील उतरती बाजू शंकूच्या आकाराच्या दगडाने घासावी. बाहेरच्या बाजू केवळ हलक्या हाताने पुसाव्यात, अन्यथा तिचे माप घटते.

यंत्राला अर्थिंग आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत, कारण ते फिरत्या पात्यात अडकतात.

या साऱ्या पारखीवर शेवटची कसोटी एकच. आपल्या नेहमीच्या लाकडाचा तुकडा सोबत न्यावा, विक्रेत्यासमोर त्यात पूर्ण खोलीची एक खाच पाडावी आणि चारही भिंतींना गुण्या लावून पाहावा. खाच सरळ आली, तरच पैसे मोजावेत.