कुरणाकडून विधिमंडळाकडे : मोंटानातील पशुपालक कॉनराड कोर्स (१८३५–१९२०)

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर विस्तारलेल्या गुरेपालनाचे चित्र बहुधा काउबॉयच्या साहसापुरते रंगविले जाते. त्यामागील जमीन, पतपुरवठा आणि कायदा हे घटक त्यामुळे दुर्लक्षित राहतात. कॉनराड कोर्स यांच्या जीवनक्रमाच्या आधारे, बडे पशुपालक राजकारणात का उतरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वायुष्य :
कोर्स यांचा जन्म डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालील होल्स्टाइन या जर्मनभाषी प्रांतात झाला. किशोरवयातच ते खलाशी झाले. पुढे सोन्याच्या शोधात कॅलिफोर्निया पालथा घालून १८६२ मध्ये ते बॅनॅक येथील खाणवस्तीत पोहोचले. तेथे त्यांना सोन्याऐवजी खाटकाच्या दुकानात नोकरी मिळाली. खाणकामगारांना रोज मांस लागते, हे ओळखून त्यांनी गुरांचा व्यापार उभारला आणि १८६६ मध्ये जॉनी ग्रँट यांची डिअर लॉज खोऱ्यातील रँच विकत घेतली.

खुली चराई आणि कायदा :
कळप वाढताच ते खोऱ्याबाहेरील विस्तीर्ण मैदानांत पाठविले जाऊ लागले. ही मैदाने पशुपालकांच्या मालकीची नव्हती. काही भाग संघराज्याचा, तर काही मूलनिवासी जमातींचा राखीव प्रदेश होता. संपत्ती स्वतःची, पण गवत दुसऱ्याचे, हा या व्यवसायाचा मूलभूत अंतर्विरोध होय. कुंपण नसलेल्या प्रदेशात गुरांची मालकी केवळ अंगावरील डागावरून ठरत असे. १८८४ मध्ये ग्रॅनव्हिल स्टुअर्ट आदी पशुपालकांच्या टोळीने चोरीच्या संशयावरून अनेकांना खटल्याविना ठार केले. पुढच्याच वर्षी भरलेल्या प्रादेशिक विधिमंडळात पशुपालकांचे वर्चस्व होते व कोर्स त्याचे सदस्य होते. या विधिमंडळाने पशुधन आयुक्त मंडळ स्थापन केले. खासगी बळाने होणारे संरक्षण अशा रीतीने शासनाच्या कक्षेत आले.

१८८६–८७ चा हिवाळा :
कायदा गुरांना चोरांपासून वाचवू शकत होता, हिमापासून नव्हे. १८८६ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर आलेल्या भीषण हिवाळ्यात मोंटानातील सुमारे ६० टक्के गुरे दगावल्याचा अंदाज आहे. अनेक व्यावसायिक बुडाले. कोर्स मात्र ब्यूट येथील बँकमालक ए. जे. डेव्हिस यांनी दिलेल्या १,००,००० डॉलर्सच्या कर्जामुळे सावरले. खुल्या चराईचा भरवसा सरला आणि कुंपण, साठविलेले सुके गवत व स्वमालकीची जमीन यांचे महत्त्व वाढले.

राज्यनिर्मिती व उत्तरकाळ :
१८८८ च्या कायद्यान्वये उत्तर मोंटानातील मूलनिवासींचा राखीव प्रदेश मोठ्या प्रमाणावर आक्रसला. १८८९ च्या संविधान परिषदेत कोर्स प्रतिनिधी होते. त्याच वर्षी मोंटानाला राज्याचा दर्जा मिळाला. पुढे ते राज्याच्या सिनेटवरही गेले. परंतु १९०९ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना ३२० एकर जमीन देऊ केल्यावर उरलेली खुली कुरणेही नांगराखाली जाऊ लागली. १९२० मध्ये कोर्स निवर्तले. त्यांची रँच १९७२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाली.

समारोप :
कोर्स यांचे राजकारण ही त्यांच्या व्यवसायाचीच गरज होती. जमिनीवर हक्क नसलेल्या वर्गाने कायदा करण्याचा हक्क मिळविला आणि त्याद्वारे आपल्या गुरांची मालकी सुरक्षित केली. मात्र ज्यांच्या गवतावर ही गुरे पोसली गेली, त्या मूलनिवासींपैकी बहुसंख्यांना तेव्हा नागरिकत्वही नव्हते. ते सर्वांना लाभले १९२४ मध्ये, कोर्स यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. सरहद्दीवरील लोकशाहीचे मूल्यमापन करताना ही बाजू नजरेआड करता येत नाही.