तांडा, टायर आणि कॅराव्हॅन : बीडची गाडी बंदराला जायची, ती वाट

पोस्ट थोडी मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन घरं मिळून चुलतभावाची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन कोकणात गेलो. मागची सीटं काढली, गाद्या टाकल्या. गॅसची शेगडी, पाण्याचे जार, बाजरीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी सगळं बरोबर. लॉज परवडत नाही म्हणून गाडीतच झोपायचं ठरलं. रेवदंडा, मुरूड, मग आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दिघी, श्रीवर्धन, बागमांडल्याहून परत फेरीबोट, हर्णे आणि शेवटी दाभोळ. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मधी आपली बीड पासिंगची गाडी.

आईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ गप उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी, अन् एक घोट पिता येईना." आता हे वाक्य बीडच्या माणसालाच सुचणार.

दाभोळला फेरीबोटीच्या रांगेत एका म्हाताऱ्या काकांनी नंबरप्लेट बघून विचारलं, "बीड म्हणजे लांब देशावर ना? तुमचा नि समुद्राचा काय संबंध?" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली, आणि जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतोय.

संबंध आहे. दोन हजार वर्षांचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची एक माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस' नावाची. कुठल्या बंदराला काय मिळतं, काय खपतं, असा सगळा व्यापाऱ्याच्या कामाचा हिशोब. त्यात तो लिहितो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. या दोन्ही गावांहून माल गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला येतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड, तगरहून साधं कापड, तलम मलमल आणि आणखी बरंच काही.

हे तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. १९०१ मध्ये फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ही ओळख पटवून दिली.

आता नकाशा काढा. पैठण आणि तेर यांच्यात पट्टीनं सरळ रेघ ओढा. ती रेघ जवळजवळ बीड शहरावरून जाते! अंतर साधारण दीडशे किलोमीटर. दहा दिवसांनी भागा, दिवसाला पंधरा किलोमीटर. भरलेली बैलगाडी, काळी चिकट माती, मधे नद्या-नाले, म्हणजे हिशोब बरोबर बसतो. ते गाडीवान नेमके कुठल्या गावावरून गेले याचा पुरावा माझ्याकडं नाही. पण आजचा बीड जिल्हा ओलांडल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही, एवढं नकाशाच सांगतो.

म्हणजे तेरची मलमल रोमला जायला निघाली की तिचे पहिले मुक्काम आपल्या शिवारात पडायचे. गाडीवान रात्री गाडीखाली झोपायचे, तीन दगडांची चूल मांडायचे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपे इथं सापडली. पाँपे सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच तिथं पोचलेली होती. आमची गाडी फेरीबोटीत चढली तेव्हा आम्हाला केवढं अप्रूप. पण इकडचा माल तर कधीच समुद्रापार गेलेला होता.

दुसरी वाट कल्याण-सोपाऱ्याकडं उतरायची, जुन्नरवरून नाणेघाटातून. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात, आणि तिथल्या गुहेत सातवाहनांचा शिलालेख आजही आहे. गंमत बघा, कल्याणहून निघून शेजारच्या माळशेज घाटानं वर येणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग अहिल्यानगर, पाथर्डी करत आपल्या पाडळशिंगी आणि माजलगाववरून परभणीकडं जातो. पाडळशिंगीच्या चौकात चहा पिताना ध्यानात ठेवा, हा रस्ता सरळ एका जुन्या बंदराला जातो.

पुढं बहामनी आणि निजामशाहीचा काळ. बीड, धारूर हा मुलूख त्या राज्यांत, आणि त्यांची बंदरं चौल आणि दाभोळ. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. घाट चढून जुन्नरला आला, तर तिथल्या सरदारानं त्याचा घोडाच काढून घेतला. तो कसाबसा परत मिळवून तो बिदरला गेला, दख्खनमध्ये राहिला, आणि जाताना दाभोळहून जहाजात बसला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, आम्ही पाहिलं. चौलची खाडी आता गाळानं भरलीये. पण एकेकाळी अहमदनगरच्या निजामशाहीचं ते मोठं बंदर होतं, आणि मुरूडचा जंजिरा सांभाळणारे सिद्दीही आधी त्याच दरबाराचे. जंजिरा आपल्याला परका वाटतो, पण एकेकाळी तो आणि धारूरचा किल्ला एकाच राज्याचे होते.

हा सगळा माल वाहायचं कोण? इथं आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी गोष्ट येते. बंजारा.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानभर फिरला. त्यानं बंजाऱ्यांचे तांडे पाहिले. दहा-बारा हजार बैल एका वेळी, पाठीवर धान्य, तांदूळ, मीठ. बायकापोरं, राहुट्या, सगळा संसार बरोबर. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला तर वाटसरूला दोन-तीन दिवस थांबून राहावं लागे, असं तो लिहितो. घर, दुकान आणि गाडी, तिन्ही एकच. समुद्रकाठचं मीठ वर देशावर यायचं ते यांच्या बैलांच्या पाठीवरून. लमाण हे नाव लवण, म्हणजे मीठ, या शब्दावरून आलं असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्या आजीच्या आजीच्या कालवणातलं मीठ कुठल्या तरी तांड्यानं घाट चढून आणलेलं असणार.

मग हे थांबलं कसं? १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली. मीठ आणि धान्य डब्यातून जायला लागलं, बैलाची पाठ रिकामी झाली. वर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. एका जागी न राहणारा माणूस म्हणजे संशयित, असं सरकारी डोकं झालं. बंजाऱ्यांसह कितीतरी भटक्या समाजांना याचा फटका बसला. तो शिक्का पुसायला १९५२ उजाडलं.

आणि आपण तर निजामाच्या राज्यात होतो. हैदराबाद संस्थानाला स्वतःचं एकही बंदर नव्हतं. म्हणजे पहिल्या शतकात बंदराशी जोडलेला मुलूख विसाव्या शतकात समुद्रापासून तुटलेला. रेल्वे परळीला आली, परभणीला आली, पण बीड शहरात पहिली प्रवासी गाडी सुरू व्हायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. मागास भाग, मागास भाग असं आपल्याला ऐकवलं जातं. पण मागासपण जन्मजात नसतं हो. वाट तुटली की ते येतं.

आता आजच्यावर येतो.

चाकावरचा संसार बीडमधून गेला का? दसरा झाला की बघा. टायरची बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक. त्यात पत्र्याची पेटी, चूल, धान्याचं पोतं, कोंबड्या, पोरं. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकापर्यंत. कारखान्याच्या कडेला कोपी टाकायची, पहाटे थंडीत फडात उतरायचं. आपल्या कितीतरी तांड्यांवर आणि वाड्यावस्त्यांवर त्या काळात फक्त म्हातारी माणसं उरतात. घराला चाकं लावून जाणारी एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात क्वचितच असतील.

आणि २०२१ मध्ये आपल्या राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. झोपायला पलंग, स्वयंपाकाची जागा, संडास-बाथरूम असलेली गाडी घेऊन लोकांनी फिरावं. त्यांच्यासाठी कॅराव्हॅन पार्क व्हावेत, तिथं पार्किंग, पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं स्वप्न अंतुले साहेबांच्या काळापासूनचं. खाड्यांवरचे पूल झाले की त्या रस्त्यावरून अशा गाड्या फिरतील. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. आम्ही स्वतः तसेच फिरलो. एका गावात रात्री रस्त्याकडेला शेगडी पेटवली तर हाकलून लावलं, तेव्हा मलाही वाटलं की अशी एखादी हक्काची जागा पाहिजे होती राव. बायकांचे तर फार हाल झाले.

पण मग त्याच रात्री बायको म्हणाली, "आपले हाल सहा दिवसांचे. ऊसतोडीच्या बायांचे सहा महिन्यांचे."

मला उत्तर देता आलं नाही.

कॅराव्हॅन या शब्दाला मराठीत शब्द शोधत बसायची गरज नाही. तांडा म्हणजेच कॅराव्हॅन. हौसेनं चाकावर राहणाऱ्याला पाणी, वीज, संडास लागतो हे सरकारला कळतं, त्याचं धोरण होतं. पोटासाठी चाकावर राहणाऱ्यालाही तेच लागतं, हे कळायला किती वर्षं? कारखान्याच्या आवारात किंवा शेजारी पक्का ओटा, नळ, दिवा, बायकांसाठी संडास-न्हाणी, पोरांसाठी शाळा. कॅराव्हॅन पार्कमध्ये जे लागतं त्यात शाळा तेवढी वाढवायची. नवीन शोध काहीच लावायचा नाही.

सगळंच सरकारवर ढकलत नाही. हंगाम दर वर्षी ठरलेला असतो, गावं ठरलेली असतात, किती कोयते जाणार हे मुकादमाच्या वहीत असतं. ग्रामपंचायतीनं आपल्या गावातून कोण कुठल्या कारखान्याला गेलं, पोरं किती, त्यातली शाळेची किती, याची यादी करून त्या कारखान्याला आणि तिथल्या शाळेला पत्र पाठवायला काय लागतं? एक कागद. माझ्या गावात यंदा ही यादी करायची असं आम्ही काही जणांनी ठरवलंय. दसऱ्याआधी करायची, फड सुरू झाल्यावर नाही.

दाभोळच्या काकांना आता उत्तर देता येईल. काका, तुमच्या बंदरात भरलेल्या मालातला कितीतरी माल आमच्याकडच्या वाटांनी खाली आला, आणि समुद्राचं मीठ वर आलं ते आमच्याकडच्या तांड्यांनी आणलं. आम्ही पाहुणे नाही, जुने गिऱ्हाईक आहोत.

तुमच्या गावातून यंदा किती गाड्या गेल्या, आणि तिथं पाणी-संडासाची काय सोय आहे, हे माहीत असेल तर खाली लिहा. माणसांची नावं नका लिहू, फक्त गाव आणि परिस्थिती. आणि कुणाच्या आजोबा-पणजोबांकडून तांड्याच्या, मिठाच्या, घाटाच्या गोष्टी ऐकल्या असतील तर त्याही लिहा. त्या कुठल्या पुस्तकात नाहीत. सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून घेऊ.