संवाद-चौकटीची मांडणी
संवाद-चौकटीची मांडणी : संगणकाची आज्ञावली वापरणाऱ्यास प्रश्न विचारण्यासाठी, त्याच्याकडून माहिती घेण्यासाठी किंवा त्यास सूचना देण्यासाठी पडद्यावर जी लहान खिडकी उघडते, तिला संवाद-चौकट म्हणतात. तीत मजकूर, माहिती भरण्याचे रकाने, पर्यायांच्या याद्या व बटणे यांचा समावेश असतो. या घटकांचे आकार व परस्परांमधील अंतरे ठरविणे म्हणजे चौकटीची मांडणी होय. ती चुकल्यास मजकूर कापला जातो, रकाने एकमेकांवर चढतात किंवा उत्तर देण्याचे बटणच पडद्याबाहेर राहते.

प्रारंभ : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या आल्टो संगणकावर खिडक्या व माऊस यांचा एकत्रित वापर झाला. याच कंपनीचा स्टार (१९८१) आणि ॲपल कंपनीचे लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) हे संगणक बाजारात आल्यावर संवाद-चौकट सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली. पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ × ३४२ चित्रबिंदूंचा होता. सर्व यंत्रांचा पडदा एकच असल्यामुळे प्रत्येक घटकाची जागा चित्रबिंदूंत कायमची ठरवून देणे सोयीचे होते. मात्र चौकटींचे वर्णन मूळ आज्ञावलीपासून वेगळे ठेवण्याची दूरदृष्टी तेव्हाच दाखविली गेली. त्यायोगे आज्ञावलीला हात न लावता चौकटीचे भाषांतर करता येऊ लागले.

मापनाची एकके : मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीला (१९८५) निरनिराळ्या पडद्यांवर चालावयाचे होते. तिच्यासाठी अक्षराच्या मापावर आधारलेले एकक योजण्यात आले. आडवे एकक अक्षराच्या सरासरी रुंदीचा १/४ भाग, तर उभे एकक अक्षराच्या उंचीचा १/८ भाग असे. त्यामुळे अक्षर मोठे झाले की चौकटही त्या प्रमाणात वाढे. परंतु ही सरासरी रोमन वर्णमालेच्या लहान-मोठ्या ५२ अक्षरांवरून काढण्याचा प्रघात पडला. भाषांतरानंतर मजकूर किती लांबेल, याचे उत्तर या एककात नव्हते.

लवचिक मांडणी : यावरील उपाय मुद्रणकलेकडून आला. हाताने खिळे जुळविण्याच्या पद्धतीत जुळारी शब्दांमध्ये कोऱ्या खिळ्यांची कमीअधिक भर घालून ओळ ठरलेल्या रुंदीत बसवीत असे. डॉनल्ड कनूथ यांनी १९७८ साली तयार केलेल्या टेक या मुद्रणविषयक आज्ञावलीत हेच तत्त्व ताणल्या जाणाऱ्या व आकसणाऱ्या मोकळ्या जागेच्या रूपाने मांडले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील इंटरव्ह्यूज या संचाने ते पडद्यावरील खिडक्यांना लागू केले. पुढे टीके, जावा (१९९५), क्यूट व जीटीके या साधनांत घटकांची स्थाने मोजण्याचे काम मांडणी-व्यवस्थापकाकडे सोपविण्यात आले. प्रत्येक घटक आपले किमान व इष्ट आकारमान सांगतो आणि व्यवस्थापक त्यांची बेरीज करून चौकटीचा आकार ठरवितो. ॲपलने २०११ साली आणलेल्या पद्धतीत घटकांमधील संबंध समीकरणे व असमानता यांच्या रूपात देऊन ती गणिताने सोडविली जातात.

देवनागरीचे प्रश्न : भारतीय लिपींच्या संगणकीय वापराचे महत्त्वाचे कार्य कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत झाले. भारतीय लिपींच्या सांकेतिक मांडणीचे राष्ट्रीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ सालची आहेत. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जोडाक्षरे प्रणालीच्या पातळीवर जुळविली जाऊ लागली व संवाद-चौकटीत युनिकोडमधील मराठी मजकूर घालणे सुकर झाले.

मात्र देवनागरीला रोमन लिपीपेक्षा उभी जागा अधिक लागते. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार व ऋकार येतात. रोमन अक्षरांच्या उंचीवरून आखलेल्या रकान्यात या खुणा कापल्या जातात आणि ‘पाणी’ व ‘पाणि’ हा भेद दिसला तरी ‘कुल’ व ‘कूल’ हा भेद दिसेनासा होतो. शब्दांची लांबीही बदलते. ‘ओके’ या अर्थाच्या दोन रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या बटणावर ‘ठीक आहे’ हे शब्द मावतीलच असे नाही.

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील नावांवरून हा प्रश्न चांगला समजतो. साताऱ्याचे ११ व सांगलीचे १० असे एकूण २१ तालुके आहेत. त्यांच्या एकाच यादीत ‘जत’, ‘महाबळेश्वर’ व ‘कवठे महांकाळ’ ही नावे येतात. ‘जत’ व ‘विटा’ ही दोन्ही नावे दोन अक्षरांची असली, तरी युनिकोडमध्ये पहिल्यास २ व दुसऱ्यास ४ संकेत लागतात. ‘किर्लोस्करवाडी’ या नावात अक्षरे ६, परंतु संकेत १४ आहेत. यास्तव संकेत मोजून रुंदी काढणे चुकीचे ठरते. प्रत्यक्ष जुळविलेला मजकूर मोजावा लागतो. नावे कायम राहतात असेही नाही. १९४९ साली निर्माण झालेला सांगली जिल्हा आरंभी ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जाई. आजच्या मजकुराच्या मापाने आखलेला रकाना उद्याच्या नावास पुरेलच असे नाही.

दोषनिदान : मांडणीतील दोष शोधताना प्रथम तो मजकुराचा, पडद्याचा की रचनेचा हे ठरवावे. मजकूर आखूड केल्यावर दोष नाहीसा झाल्यास रुंदी वा उंची कायमची ठरविलेली आहे, असे समजावे. पडद्यावरील प्रमाण १०० टक्के केल्यावर तो गेल्यास चित्रबिंदूंत दिलेली मापे तपासावीत. उदा., ६४० चित्रबिंदू उंचीची चौकट १२५ टक्के प्रमाणात ८०० चित्रबिंदूंची होते. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर तिचा तळ व त्याबरोबर तेथील बटणेही दिसेनाशी होतात. खिडकी ताणूनही आतील घटक जागचे हलत नसतील, तर सर्वांत बाहेरच्या पात्रास मांडणी-व्यवस्थापक जोडलेला नसतो किंवा मधल्या एखाद्या पात्राची साखळी तुटलेली असते. चौकट पहिल्यांदा लहान व नंतर नीट दिसत असेल, तर टंक व मजकूर निश्चित होण्यापूर्वीच आकार मोजला गेला असण्याचा संभव असतो. लांब माहितीसाठी सरकपट्टी द्यावी. बटणे मात्र सरकणाऱ्या भागाबाहेर ठेवावीत.

महत्त्व : संवाद-चौकट वापरणाऱ्याची संमती घेते. ‘नोंद कायमची रद्द करावयाची काय?’ या प्रश्नातील शेवटचे शब्द कापले गेले, तर दिलेले उत्तर जाणतेपणाने दिलेले राहत नाही. नावाचा रकाना अपुरा असेल, तर लिपिक नाव संक्षिप्त करून भरतो आणि एकाच व्यक्तीची नावे दोन दप्तरांत दोन प्रकारे नोंदली जातात. जमीन, शिष्यवृत्ती वा निवृत्तिवेतन यांच्या कामी हा फरक निस्तरण्याचा भार अखेर त्या व्यक्तीवर पडतो. म्हणून चौकटीची मांडणी केवळ शोभेसाठी नसून मराठीतून व्यवहार करणाऱ्यास प्रश्न संपूर्ण वाचता यावा, यासाठी ती आवश्यक असते. चौकट प्रथम इंग्रजीत पूर्ण करून मग तीत मराठी बसविण्याऐवजी आरंभापासूनच सर्वांत लांब नाव, सर्वांत उंच जोडाक्षर व सर्वांत लहान पडदा घेऊन तिची चाचणी करणे, हा यावरील सर्वांत खात्रीचा उपाय होय.