.२२ रिमफायर काडतूस : मागणी मोठी, उत्पादन संथ

.२२ लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेत १८८७ साली प्रचारात आले. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, धक्का सौम्य, किंमत अल्प. म्हणून नवशिक्यांच्या सरावापासून ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धेपर्यंत तेच वापरले जाते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांचे पॅरिसमधील कांस्यपदक (२०२४) याच प्रकारातले.

डिसेंबर २०१२ मधील सँडी हूक शाळेच्या हत्याकांडानंतर शस्त्रनिर्बंधांच्या धास्तीने अमेरिकेत साठेबाजी सुरू झाली आणि नेमके हे स्वस्त काडतूस दुकानांतून दिसेनासे झाले. टंचाई काही वर्षे टिकली.

तिचे एक मूळ रचनेत आहे. सेंटरफायर काडतुसाच्या तळाशी मध्यभागी स्वतंत्र प्रायमर बसवतात. रिमफायरमध्ये मात्र ठिणगी पाडणारे संवेदनशील मिश्रण ओले असतानाच पितळी कवचाच्या पोकळ कडेत पसरवावे लागते. हे काम जोखमीचे असून त्याची यंत्रे वेगळी असतात. सेंटरफायरची यंत्रे त्याकडे वळवता येत नाहीत. वापरलेले कवच सहसा पुन्हा भरता येत नसल्याने प्रत्येक सरावाला नवी काडतुसे लागतात.

दुसरे मूळ हिशेबात आहे. नगामागे नफा तुटपुंजा, तर नव्या यंत्रसामग्रीला भांडवल व काळ दोन्ही मोठे. तोवर मागणी ओसरण्याचा धोका असतो. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ती ओसरलीच. कर्जबाजारी रेमिंग्टनने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे उत्पादक पाळ्या वाढवतात, नवा कारखाना मात्र सहसा उभारत नाहीत.