दिल्लीच्या बैठकीतला वास

जुलै लागला की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या कुत्री-मांजरे पाळणाऱ्या घरांत एकच तक्रार सुरू होते. मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये न जाणवलेला वास सोफ्यातून, गालिच्यातून, पलंगाखालच्या कोपऱ्यातून येऊ लागतो. जनावराने नवे काही केलेले नसते. आत मुरलेला जुना डाग पावसाळी हवेतला ओलावा शोषून पुन्हा वास सोडू लागतो. जनावरे, बिछायती आणि वास यांच्याशी दिल्लीचा संबंध मात्र फार जुना आहे.

फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने १ जुलै १६६३ रोजी दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात शहराचे तपशीलवार वर्णन केले आहे. लाल किल्ल्यातल्या दरबारात औरंगजेबासमोरून हत्ती जात, पाळीव हरणे जात, नीलगाई, गेंडे, चित्ते जात. उझबेकांच्या मुलखातून आणलेले शिकारी कुत्रेही असत आणि त्या प्रत्येकाच्या पाठीवर छोटी लाल झूल असे.

त्याच पत्रात श्रीमंतांच्या घरातली बैठकही आहे. जमीनभर चार इंच जाडीची कापसाची गादी अंथरलेली. तिच्यावर उन्हाळ्यात पांढरेशुभ्र तलम कापड, हिवाळ्यात रेशमी गालिचा. दिसायला हा थाट. पण वासाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात मोठी सोय होती. वरचे कापड उचलायचे, धोब्याकडे द्यायचे आणि दुसरे अंथरायचे. सांडलेले, गळलेले जे काही असेल ते गादीत उतरण्याआधी बाहेर काढण्याची संधी या रचनेत होती.

वास झाकण्याची कला त्याआधीच दरबारात बहरली होती. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त सुगंधांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अकबराच्या दरबारात सोन्या-चांदीच्या धूपदाण्यांत रोज धूप जळे, अंबर आणि अगरूचा दरवळ असे. त्या सुगंधांच्या यादीत जवादीही आहे, म्हणजे मांजरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीखालच्या पिशवीतून काढलेला स्राव. मूळचा उग्र वास अत्यल्प मात्रेत, इतर द्रव्यांत मिसळला की मोलाचा ठरतो, हे त्या काळच्या गंध्यांना पक्के ठाऊक होते.

खसाच्या, म्हणजे आपल्या वाळ्याच्या ताट्यांचे श्रेय अबुल फजल अकबराला देतो. बर्निएनेही बागेत, पाण्याच्या हौदाजवळ उभारलेले खसखाने पाहिले. नोकर कातडी पखालींतून पाणी आणून त्यांच्या भिंती बाहेरून भिजवत. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय अप्रतिम आहे, कारण पाणी भराभर उडते आणि हवा गार होते. पावसाळ्यात पाणी उडत नाही, ओल तेवढी वाढते. आज खसाच्या जाळ्यांचे कूलर जुलैतही चालू ठेवणाऱ्या घरांत सोफा जास्त वास मारतो, त्याचे कारण हेच.

एकोणिसाव्या शतकात सुगंधाची जागा जंतुनाशकाने घेतली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाच्या शस्त्रक्रियेतील वापराविषयी लिहिले आणि १८७७ मध्ये जॉन जेयस याने डांबरापासून केलेल्या द्रवाचे पेटंट घेतले. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांच्या बंगाल केमिकलनेही फिनाइल तयार केले. बादलीभर पाण्यात टोपणभर फिनाइल ओतले की पाणी दुधासारखे पांढरे होते. त्या पाण्याने पुसलेली फरशी ‘स्वच्छ’ वाटते. प्रत्यक्षात डागाच्या वासावर फिनाइलचा वास चढलेला असतो.

मग घरांची घडणच बदलली. १९४१ मध्ये सुमारे ९ लाख असलेली दिल्लीची लोकसंख्या फाळणीनंतर १९५१ मध्ये १७ लाखांच्या वर गेली. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि फ्लॅटचे दिवस आले. जमिनीवर मोझॅक आणि कोटा फरशी बसली, बसायला फोमचा सोफा आला. जमीन पुसायला सोपी झाली, पण बैठक धुण्यापलीकडे गेली. फोममध्ये उतरलेले मूत्र बाहेर काढायचे कसे? बर्निएच्या काळचे ते उचलून धुता येणारे कापड नेमके इथे हरवले.

मूत्रातल्या युरियाचे जीवाणू अमोनियात रूपांतर करतात. मांजराच्या मूत्रात शिवाय फेलिनीन हे गंधकयुक्त द्रव्य असते. बोक्यात ते अधिक. त्याचे हळूहळू विघटन होऊन उग्र वास सुटत राहतो. त्यावर अत्तर शिंपडून काही साधत नाही. डाग ताजा असतानाच कापडाने टिपून घ्यावा, पाण्याने धुवावा, विकरयुक्त द्रव सूचनेत दिलेला पूर्ण वेळ मुरू द्यावा आणि मग पंख्याखाली खडखडीत वाळवावे. धुण्यात विकरे वापरण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीच्या ऑटो रोम याने १९१३ मध्येच तिचे पेटंट घेतले होते.

संगमरवर आणि कोटा हे चुन्याचे दगड असल्याने त्यांवर व्हिनेगर ओतू नये, पृष्ठभाग खाल्ला जातो. अमोनियाच्या डागावर ब्लीच टाकू नये, विषारी वायू तयार होतो. मांजराचे यकृत फिनॉलसारखी द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही. काळ्या फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या मांजराच्या पोटात ती थेट जातात. म्हणून मांजर असलेल्या घरात ते वापरूच नये. आणि नवा सोफा घेताना रंगाआधी एवढे जरूर विचारावे, की त्याचे अभ्रे काढून धुता येतात का.